एक मागितले, नऊ मिळाले!

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. या जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्यांतील झरी जामणी हा तालुका तुम्हांला आग्नेय कोपऱ्याकडे, तेलंगणाच्या सीमेला लागून सापडेल. खाली पैनगंगा वाहते. मुकुटबन, पाटण, माथार्जुन, शिबला ही या तालुक्यातील काही गावे. कोलाम आणि गोंड लोकांची वस्ती येथे बरीच आहे. शेती कापसाची, सोयाबीनची, तुरीची आणि ती मुख्यतः पावसावरच अवलंबून. तेव्हा ‘काल पाऊस किती पडला?’ हा प्रश्न येथे गप्पांपुरता राहत नाही. नुकसानीचे पंचनामे करताना २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी धरतात. ६४ आणि ६६ यांत फरक दोन मिलिमीटरचा, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो फार मोठा असतो.

समजा, या तालुक्यातील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला, आणि आसपासच्या गावांतील शाळांकडून रोजचा आकडा गोळा करायचे ठरवले. वहीऐवजी त्यांनी एक लहानसे संकेतस्थळ तयार केले. कोणीही आपल्या गावाचे नाव, तारीख आणि मिलिमीटरमधील पाऊस भरावा आणि कोणीही तो पाहावा, इतकेच त्याचे काम. सर्व ठीक दिसत होते; पण एके दिवशी संगणकाने पडद्यावर एक तक्रार उमटवली. त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा: ‘हे फंक्शन १ आर्ग्युमेंट घेते, पण ९ देण्यात आली.’

विद्यार्थ्यांनी तर एकच गोष्ट दिली होती: तालुक्याचे नाव. मग नऊ आली कोठून? या कोड्याचे उत्तर आपण शोधणार आहोत. पण त्याआधी आर्ग्युमेंट म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे.

इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ वाद घालणे असा आहे, त्याचा येथे काही संबंध नाही. तुम्ही लॉगॅरिथमचे कोष्टक पाहिले असेल. डावीकडे संख्या शोधायची आणि तिच्यासमोरचे उत्तर वाचायचे. ज्या संख्येने आपण कोष्टकात शिरतो तिला गणितात आर्ग्युमेंट म्हणतात. हा शब्द ग्रहगणिताच्या जुन्या कोष्टकांपासून चालत आला आणि पुढे संगणकाच्या भाषांनी तो उचलला. आज्ञावलीतील एक ठरावीक काम करणारा, नाव दिलेला तुकडा म्हणजे फंक्शन. त्याला नावाने हाक मारायची आणि कंसात हवी ती माहिती द्यायची. हेच फंक्शन एखाद्या वस्तूशी जोडलेले असेल तर त्याला मेथड म्हणतात.

आणखी एक शब्द याच्या जोडीने येतो, तो म्हणजे पॅरामीटर. सात-बाराचा उतारा संगणकावर पाहिला आहे काय? तेथे जिल्हा, तालुका, गाव असे रकाने असतात, मग गट क्रमांक विचारतात. कोरा रकाना म्हणजे पॅरामीटर. त्यात तुम्ही जे भरता ते आर्ग्युमेंट. हे रकाने उगाच नाहीत. नुसते ‘पाटण’ म्हटले तर कोणते पाटण? झरी जामणी तालुक्यात पाटण आहे, सातारा जिल्ह्यात तर पाटण नावाचा तालुकाच आहे, आणि गुजरातेतही एक पाटण आहे. किती गोष्टी द्यायच्या, कोणत्या क्रमाने द्यायच्या आणि त्या कोणत्या जातीच्या असाव्यात, हे फंक्शन लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. हाक मारणाऱ्याने तो करार मोडला की तक्रार उमटते.

आपल्या विद्यार्थ्यांनी पायथन ही भाषा वापरली, असे धरू. ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली आणि १९९१ मध्ये ती प्रथम बाहेर आली. २००८ च्या डिसेंबरात निघालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनांना व रकान्यांना देवनागरीत नावे देता येतात. त्यामुळे पुढील ओळ संगणकाला खरोखरच समजते:

पाऊस_नोंदवा('पाटण', दिवस, मिमी)

मात्र ‘जर’, ‘नाहीतर’, ‘परत करा’ अशा अर्थाचे भाषेचे स्वतःचे शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात, आणि आज्ञावलीतील अंकही इंग्रजी पद्धतीनेच. या लेखातील आकडे छपाईच्या सोयीसाठी मराठीत दिले आहेत.

आता करार कसकसा मोडतो ते पाहू. सर्वांत साधा प्रकार म्हणजे संख्या चुकणे. पाऊस_नोंदवा ला तीन गोष्टी हव्यात आणि तुम्ही दोनच दिल्या, तर संगणक सांगेल की एक आवश्यक आर्ग्युमेंट मिळाले नाही, आणि त्याचे नावही सांगेल: ‘मिमी’. हा दोष सापडायला क्षणभरही लागत नाही. तक्रारीत जे नाव आले आहे ते द्यायचे राहिले. जास्त दिल्या तरी तो तसेच सांगेल: तीन घेते, चार दिल्या.

पण कधी कधी आकडा विचित्र असतो. विद्यार्थ्यांनी ‘वही’ नावाचा एक वर्ग केला. वर्ग म्हणजे शाळेतील वर्ग नव्हे, एकाच घडणीच्या वस्तूंचा साचा. त्यात ‘जोडा’ नावाची मेथड लिहिली आणि तिला एकच रकाना ठेवला: मिमी. मग एक वही तयार करून हाक मारली, माझी_वही.जोडा(मिमी). तक्रार आली: ‘एक घेते, दोन दिल्या.’ कंसात तर स्वच्छ एकच गोष्ट दिसते! पायथन शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण या दगडाला एकदा तरी ठेचकाळतो. याचे कारण असे, की मेथडला हाक मारली की पायथन त्या वस्तूलाच गुपचूप पहिले आर्ग्युमेंट म्हणून आत पाठवतो. ‘कोणत्या वहीत जोडा?’ हे मेथडला कळायला नको काय? ती वही हेच पहिले आर्ग्युमेंट, आणि तुमचा पाऊस दुसरे. म्हणून मेथड लिहिताना पहिला रकाना वस्तूसाठी मोकळा ठेवावा लागतो. त्याला इंग्रजीत ‘सेल्फ’ असे नाव देण्याची प्रथा आहे. तुम्ही ‘स्व’ म्हटलेत तरी चालेल. तेव्हा तक्रारीतील आकडा तुम्ही मोजलेल्यापेक्षा बरोबर एकने जास्त असेल, तर आधी या न दिसणाऱ्या पाहुण्याची आठवण करावी.

उलटेही घडते. प्रत्यक्ष वही तयार न करता साच्यालाच हाक मारली, तर तुमचा पाऊस वहीच्या जागी जाऊन बसतो आणि मिमीचा रकाना रिकामा राहतो. मग संगणक म्हणतो, ‘मिमी दिले नाही’. आणि आपण पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘अरे, हे काय दिले आहे!’

संकेतस्थळाच्या आज्ञावलीत आणखी एक अडचण असते. संकेतस्थळ अगदी शून्यापासून कोणी लिहीत नाही. तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. पायथनमधील जँगो हे असेच एक फ्रेमवर्क. त्याचा जन्म प्रयोगशाळेत झाला नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकासाठी एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते लिहायला घेतले, आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्याला दिले. बातमी आज आली की पान आजच तयार झाले पाहिजे, या घाईतून ते घडले. रूबी या भाषेतील रेल्स हे त्याचे समवयस्क भावंड, २००४ चे.

फ्रेमवर्क वापरताना एक गोष्ट उलटी होते, आणि बहुतेक घोटाळे तिच्यातूनच निघतात. एरवी फंक्शन तुम्ही लिहिता आणि हाकही तुम्हीच मारता. येथे फंक्शन तुम्ही लिहिता, पण हाक फ्रेमवर्क मारते. मुकुटबनच्या कोणी पाटणच्या पावसाचे पान उघडले, की जँगो पत्त्यांच्या यादीत पाहतो. तेथे तुम्ही लिहून ठेवलेले असते, की ‘पाऊस’ या शब्दापुढे जे येईल त्याला ‘गाव’ म्हणा आणि ते पाऊस_दाखवा या फंक्शनकडे द्या. मग जँगो हाक मारतो. पहिले आर्ग्युमेंट म्हणून तो वाचकाची विनंती देतो, आणि त्यापुढे गाव नाव घेऊन देतो: गाव='पाटण'. म्हणजे हाकेची ओळ तुमच्या आज्ञावलीत कोठेच नसते. ती फ्रेमवर्कच्या पोटात असते. तुम्ही स्वतःचे फंक्शन कितीही वेळा वाचा, दोष दिसणार नाही. कारण दोष एका कागदावर नाही, तो दोन कागदांच्या मध्ये आहे.

हे ध्यानात आले की पुढील तीन तक्रारी सहज उलगडतात. ‘गाव हे अनपेक्षित आर्ग्युमेंट मिळाले’ असे म्हटले, तर पत्त्यांच्या यादीत ‘गाव’ लिहिले आहे आणि फंक्शनात त्याच रकान्याला ‘ठिकाण’ म्हटले आहे. जँगोला समानार्थी शब्द कळत नाहीत. ‘गाव या आर्ग्युमेंटला एकाहून अधिक मूल्ये मिळाली’ असे म्हटले, तर फंक्शनात विनंतीसाठी पहिला रकाना ठेवायचा राहिला आहे: विनंती येऊन गावाच्या खुर्चीत बसली आणि मागाहून खरे गाव आले. तिसरी तक्रार पुन्हा तीच: ‘एक घेते, दोन दिल्या.’ फंक्शनाऐवजी वर्ग वापरून पान लिहिले असेल तर पत्त्यांच्या यादीत वर्गाच्या नावापुढे ‘ॲज_व्ह्यू’ या मेथडला हाक मारावी लागते. ती राहिली, की जँगो थेट साच्यालाच विनंती देऊ लागतो, आणि साचा तिला जागाच ठेवत नाही.

आता आपल्या नऊच्या कोड्याकडे वळू. विद्यार्थ्यांचे एक फंक्शन तालुक्याचे नाव घेऊन महिन्याची बेरीज करत असे. हे काम वेळ खाणारे, म्हणून ते बाजूला चालू ठेवण्यासाठी पायथनची एक सोय त्यांनी वापरली. तिला फंक्शनचे नाव द्यायचे आणि आर्ग्युमेंटांची यादी द्यायची. मग ती यादीतील एकेक वस्तू सुटी करून फंक्शनला देते. विद्यार्थ्यांनी यादी म्हणून कंसात लिहिले ('झरी जामणी'). कंस आहेत म्हणजे यादी झाली, असे आपल्याला वाटते. पण पायथनमध्ये एकाच वस्तूची अशी यादी करायची तर तिच्यामागे स्वल्पविराम द्यावा लागतो: ('झरी जामणी',). तो नसेल तर कंस नुसतेच शोभेचे, आणि आत राहतो एक शब्द. त्या सोयीला यादी हवी होती, तिने शब्दालाच यादी समजून त्याची अक्षरे सुटी केली.

अक्षरे मोजा बरे. झ, री, जा, म, णी: पाच. मधली मोकळी जागा धरून सहा. मग नऊ कशी? संगणक आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीतील व्यंजन वेगळे आणि त्याला लागणारी काना-मात्रा-वेलांटी वेगळी, असे स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. तेव्हा झ, र आणि दुसरी वेलांटी मिळून तीन. मोकळी जागा एक. ज, काना, म, ण, दुसरी वेलांटी ही पाच. एकूण नऊ! स्वल्पविराम घातल्याबरोबर नऊचे एक झाले. इंग्रजी नावावर प्रयोग करणाऱ्याला हा आकडा निदान अक्षरांशी जुळता दिसतो आणि कारण पटकन सुचते. मराठी नावाच्या वेळी मात्र तो बुचकळ्यात टाकतो. या बाबतीत मराठी मुलांना इतरांपेक्षा थोडे अधिक डोके चालवावे लागते, आणि त्यात तोटा काही नाही.

या नावातील मोकळी जागा हाही एक नामी उपद्व्यापी प्राणी आहे. कोणी ‘झरी जामणी’ असे सुटे लिहितो, कोणी मध्ये आडवी रेघ देतो, कोणी एकत्रच ‘झरीजामणी’. रोमन लिपीत तर आणखी प्रकार: ‘झ’साठी कोणी एक अक्षर वापरतो, कोणी दोन. माणसाला ही सारी एकच वाटतात. संगणकाला ती वेगळी गावे वाटतात. संकेतस्थळाच्या पत्त्यात मोकळी जागा चालत नाही, तिची जागा टक्क्याचे चिन्ह आणि २० हा आकडा घेतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला साठवणीत तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे आठ चिन्हांची २४ बाइट, मोकळ्या जागेचा एक, असे २५ बाइट. त्याचे तिप्पट ७५. एवढे लांबलचक नाव पत्त्यात दिसले तर घाबरू नका, ते आपले झरी जामणीच आहे.

खरी गंमत त्याच्या पुढेच आहे. संगणकाला टंकून आज्ञा देतात त्या काळ्या पडद्यावर मोकळी जागा म्हणजे दोन आर्ग्युमेंटांमधील भिंत. तालुक्याचा अहवाल काढणारी आज्ञा लिहिली आणि पुढे झरी जामणी असे टंकले, तर आज्ञेला एक नाव मिळत नाही, दोन मिळतात. आज्ञेला एकच हवे असेल तर ती म्हणेल, ‘जामणी हे आर्ग्युमेंट ओळखता आले नाही.’ ठीक. नाव अवतरणचिन्हांत घातले की काम झाले. पण समजा त्या आज्ञेला दोन गोष्टी हव्या होत्या, आधी तालुका आणि मग गाव, आणि टंकणारा गाव लिहायचे विसरला. तर? तालुका ‘झरी’, गाव ‘जामणी’. संख्या बरोबर जुळली! तक्रार नाही, लाल अक्षरे नाहीत. अहवाल निघतो, आणि त्यात लिहिलेले असते: पाऊस शून्य. कारण ‘झरी’ नावाचा तालुका यादीतच नाही, तर त्याच्या नोंदी कोठून असणार?

येथे थोडे थांबा. आतापर्यंतच्या सर्व चुका ओरडणाऱ्या होत्या. ही चूक मुकी आहे, आणि माझ्या मते ती त्या सर्वांहून वाईट. पंचनाम्याला आधार म्हणून असा शून्य कोणी पुढे ठेवला, तर ज्याच्या शेतातला कापूस पाण्याखाली गेला त्याला काय सांगणार? हवामानाच्या नोंदींत ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला गेला नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. तरीही पुष्कळ वेळा तक्रार बंद करण्याचा सोपा उपाय म्हणून रकान्याला आयते मूल्य देऊन टाकतात: मिमी दिले नाही तर शून्य धरा. तक्रार थांबते खरी. पण ज्या दिवशी शिबल्याच्या मुलाने आकडा भरला नाही, तो दिवस कोरडा ठरतो. आयते मूल्य द्यायचेच असेल तर ‘नोंद नाही’ असे द्यावे. पायथनमध्ये त्यासाठी ‘नन’ असे खास मूल्य आहे. आणखी एक वाईट सवय म्हणजे चूक झाली तरी पुढे चालू राहा, असे आज्ञावलीत लिहून ठेवणे. मग पडद्यावर ‘नोंद झाली’ असे येते आणि नोंद कोठेच नसते.

क्रमाची अदलाबदल हीही मुकी चूक. दिवस आणि पाऊस हे दोन्ही आकडेच. १२ तारखेला ७० मिलिमीटर पाऊस झाला आणि क्रम उलटला, तर ‘७० तारीख’ ऐकून संगणक तरी हरकत घेईल. पण १४ तारखेला २६ मिलिमीटर पडला असेल तर २६ तारखेला १४ मिलिमीटर अशी निमूट नोंद होईल. यावर उपाय म्हणजे आर्ग्युमेंट नाव घेऊन द्यावे: पाऊस_नोंदवा(गाव='पाटण', तारीख=दिवस, मिमी=पाऊस). फंक्शन लिहिताना रकान्यांच्या आधी एक तारांकित चिन्ह टाकले, तर पायथन नावाशिवाय आर्ग्युमेंट स्वीकारतच नाही. टंकायला चार अक्षरे जास्त लागतात, लागू द्यात.

एकक चुकले तर नावही वाचवत नाही. पर्जन्यमापकावर इंच असतील आणि रकाना मिलिमीटरचा असेल, तर ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी अडीच मिलिमीटरची भुरभुर होऊन बसते. अशाच चुकीने अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नाहीसे झाले. जमिनीवरील एक आज्ञावली यानाला मिळालेला धक्का पौंड-सेकंदांत देत होती, आणि पुढची आज्ञावली तो न्यूटन-सेकंद समजून घेत होती. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक. संख्या बरोबर, क्रम बरोबर, जातही बरोबर. अर्थ तेवढा निराळा.

जातीवरून आठवले. पत्त्यातून आलेली प्रत्येक गोष्ट मुळात मजकूर असते, आकडा नव्हे. ‘२६’ हा मजकूर आणि २६ ही संख्या यांची बेरीज होत नाही. मजकुराचा आकडा करण्याचे पायथनचे फंक्शन आपले ‘४५’ हे मराठी अंकही आनंदाने समजून घेते. पण जँगोच्या पत्त्यांच्या यादीत ‘येथे पूर्णांक येईल’ असे लिहिले, तर तेथील पहारेकरी फक्त इंग्रजी अंक आत सोडतो; मराठी अंक आला की पान सापडले नाही, असे म्हणून ४०४ हा क्रमांक दाखवतो. एकाच घराच्या दोन दारांवर दोन वेगळे नियम! ४०४ आला तर दोष आधी पत्त्यात शोधावा, तुमच्या फंक्शनपर्यंत विनंती बहुधा पोचलेलीच नाही. ५०० आला तर ती आत पोचली आणि आत काही मोडले. आर्ग्युमेंटची तक्रार ही बहुधा ५०० च्या पोटात असते.

मग शोधायचे कसे? तक्रारीबरोबर पडद्यावर एक लांबट यादी येते. कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली याची ती वंशावळ असते, आणि पायथनमध्ये सर्वांत शेवटची हाक सर्वांत खाली असते. म्हणून ती खालून वाचायला सुरुवात करावी. शेवटच्या ओळीत तक्रार. तिच्यातील फंक्शनचे नाव, आर्ग्युमेंटचे नाव आणि आकडे कागदावर उतरून घ्या. हे नुसते वाचून पुरत नाही. मग एकेक पायरी वर चढा. बहुतेक पायऱ्या जँगोच्या स्वतःच्या फायलींच्या असतील, तेथे रेंगाळू नका. हजारो लोकांनी वापरलेल्या त्या फायलींत दोष असण्यापेक्षा तो आपल्या वीस ओळींत असण्याचा संभव कितीतरी अधिक. आपल्या फाइलीचे नाव दिसेल तेथे थांबा. एकही आपली फाइल दिसली नाही, तर हाक फ्रेमवर्कने मारली आहे हे ओळखा आणि पत्त्यांची यादी उघडा.

त्यानंतर फंक्शनची व्याख्या आणि त्याला मारलेली हाक या दोन ओळी एकाखाली एक लिहा आणि रकान्याला मूल्य जोडत रेघा ओढा. ज्या रकान्याला रेघ मिळाली नाही किंवा ज्याला दोन मिळाल्या, तेथे दोष. एवढ्यानेही सापडले नाही तर फंक्शनच्या आधी एक ओळ घालून आर्ग्युमेंटे छापून पाहा, शक्य तर त्यांच्या जातीसकट. आपण काय दिले असे वाटते हे महत्त्वाचे नाही, प्रत्यक्ष काय पोचले ते पाहायचे. जँगोचे तपासणीचे पान तर प्रत्येक पायरीवर कोणत्या नावात काय साठवले होते हेही दाखवते. मात्र संकेतस्थळ लोकांसाठी खुले करताना हे पान बंद करावे, कारण घरातील सारे कपाट ते परक्यालाही दाखवील.

कधी कधी कालपर्यंत चालणारी आज्ञावली आज बिघडते आणि तुम्ही तर एक अक्षरही बदललेले नसते. तेव्हा फ्रेमवर्कची आवृत्ती पाहावी. २०१७ च्या डिसेंबरात जँगोची दुसरी आवृत्ती निघाली आणि असंख्य आज्ञावल्या एकाच तक्रारीने थांबल्या: ‘ऑन_डिलीट हे आवश्यक आर्ग्युमेंट दिले नाही.’ जुने पाठ पाहून शिकणाऱ्यांना ही तक्रार आजही भेटते. यात प्रश्न असा आहे: गावाची नोंद तालुक्याच्या नोंदीला जोडलेली आहे, उद्या तालुक्याची नोंद पुसली तर गावाचे काय करायचे? पूर्वी याचे उत्तर दिले नाही तर जँगो गावेही पुसून टाकी, आणि गावांना जोडलेला पाऊसही. मोठ्या तालुक्यांचे विभाजन होऊन नवे तालुके होतात. झरी जामणी हा स्वतःच असा मागाहून झालेला तालुका. अशा फेरफारात कोणी जुन्या तालुक्याचे नाव यादीतून काढले, तर कित्येक वर्षांचा पाऊस एका क्षणात नाहीसा व्हायचा. दुसऱ्या आवृत्तीपासून हे उत्तर लिहिणाऱ्याने स्वतः द्यावे लागते: पुसा, पुसू देऊ नका, किंवा जागा रिकामी ठेवा. पावसाच्या वहीसाठी मी तरी ‘पुसू देऊ नका’ हेच निवडीन.

संगणक जवळ असेल तर एक प्रयोग करा. एकच आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन लिहा आणि वर सांगितल्याप्रमाणे स्वल्पविराम न देता त्याला आधी ‘पाटण’, मग ‘मुकुटबन’ आणि शेवटी ‘माथार्जुन’ हे नाव द्या. प्रत्येक वेळी तक्रारीत कोणता आकडा येईल ते आधी वहीत लिहा. पहिल्याचे उत्तर चार आणि दुसऱ्याचे सात आहे. तिसऱ्यात मोकळी जागा नसूनही तो आकडा झरी जामणीएवढाच येतो. रफार संगणक कसा साठवतो ते त्यावरून शोधून काढा.